‘तुम्हीही त्याच घरात वाढलात ना?’

पत्र:

मी ३४ वर्षांची आहे. माझ्या धाकट्या भावाला, वय २३, कोर्टानं दोषी ठरवलंय. गाडी लावण्यावरून एका माणसाशी भांडण झालं. त्या माणसानं हात वर केला, भावाला वाटलं तो मारतोय. त्यानं गाडीतला लोखंडी पाइप काढून मारला. माणूस खाली पडला, त्यानंतर आणखी दोनदा मारलं. त्या माणसाचा एक डोळा कायमचा गेला. आता शिक्षा ठरायची आहे. वकील म्हणतात, तुमच्या घरात काय घडायचं ते कोर्टात येऊन सांगा. वडील आम्हाला पट्ट्यानं मारायचे, हाताला येईल त्यानं मारायचे. मी चौदाव्या वर्षी आत्याकडे राहायला गेले, भाऊ तिथेच राहिला. आई म्हणते, घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. वडील आता थकलेत, फारसं बोलतही नाहीत. आणि मला स्वतःलाच प्रश्न पडतो की मीही त्याच घरातली, मी कधी कुणावर हात उगारला नाही, मग त्याला कसली सवलत? मागच्या भेटीत तो म्हणाला, “ताई, तो मी नव्हतोच गं.” मला इतका राग आला की मी उठून निघून आले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चिडला की वस्तू फेकतो. घरात म्हणतात, मामावर गेलाय. मला रात्र रात्र झोप लागत नाही.
– एक बहीण

उत्तर:

वकिलांना हो म्हणा. तारीख जवळ आली असेल म्हणून माझं मत आधी सांगून टाकते. त्यामागचा विचार सावकाश वाचा.

तुम्हाला कदाचित वाटत असेल की साक्षीला उभं राहिलं म्हणजे त्या जखमी माणसाच्या विरोधात उभं राहिलं. तसं नाही. कुणी मारलं, कशानं मारलं, इजा किती झाली, हे सगळं कोर्टानं ठरवून झालंय. तुमच्या बोलण्यानं त्यातली एक ओळही पुसली जाणार नाही. आताचा टप्पा वेगळा आहे. हे करणारा माणूस कोण, आणि त्याला शिक्षा किती व कशी द्यायची, एवढंच आता ठरायचंय. तिथं त्याचं आयुष्य मांडलं जाणं ही कुणाची मेहरबानी नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली लॉकेट खटल्यात म्हटलं की फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीच्या स्वभावाबद्दलची, पूर्वायुष्याबद्दलची कुठलीही गोष्ट शिक्षा कमी व्हावी म्हणून मांडायला आडकाठी करता येणार नाही. दोनच वर्षांनी, १९८० साली, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं बचन सिंग खटल्यात सांगितलं की गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहिली पाहिजे. २००३ साली अमेरिकेत विगिन्स नावाच्या माणसाचं प्रकरण आलं. खुनाबद्दल फाशीची शिक्षा सुनावलेला माणूस, लहानपणी अतोनात छळ सोसलेला, आणि त्याच्या वकिलांनी त्या बालपणाचा धड शोधच घेतला नव्हता. न्यायालयानं वकिलांचं काम अपुरं ठरवलं आणि निकाल त्याच्या बाजूनं दिला. हे तिन्ही खटले फाशीचे, तुमच्या भावाचा तसा नाही. पण शिक्षा लहान असली तरी ती मोजणाऱ्यासमोर माणूस पुरता यायला हवा. तुमच्या भावाच्या बाबतीत ते करू शकणारी तुमच्याशिवाय दुसरी व्यक्ती मला पत्रात दिसत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. “मीही त्याच घरातली.” हा प्रश्न सरकारी वकील तुम्हाला विचारणारच, कदाचित याच शब्दांत. त्याचं उत्तर त्यांच्यासाठी तर हवंच, पण त्याआधी तुमच्या स्वतःसाठी हवं.

कॅथी विडम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण, अत्याचार किंवा दुर्लक्ष झाल्याची कोर्टात नोंद असलेली ९०८ मुलं त्यांनी घेतली आणि त्यांच्याच वयाची, साधारण तशाच परिस्थितीतली, पण अशी नोंद नसलेली मुलं तुलनेला घेतली. पुढं किशोरवयात पोलिसांच्या नोंदीत आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के निघालं, दुसऱ्यात १७ टक्के. फरक खरा आहे, तो नाकारता येत नाही. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूनं वाचा. मार खाल्लेल्या, टाकून दिलेल्या शंभरातल्या चौऱ्याहत्तर मुलांची अशी नोंद झाली नाही. म्हणजे तुम्ही अपवाद नाही, तुम्ही बहुसंख्यांतल्या आहात. आणि तुमचा भाऊही कुठला विचित्र अपवाद नाही. ज्या घरांमधून असं घडण्याची शक्यता वाढते, त्यातल्या एका घरातून तो आलाय. कोर्टात एवढंच म्हणता येतं, आणि एवढंच म्हणावं. “असं बालपण असलेला माणूस दुसरं काही करूच शकत नव्हता” असं कुणी तुमच्या तोंडी घालू पाहिलं, तर नकार द्या. ते खरं नाही, आणि तुमच्यासारख्या लाखोंचा त्यात अपमान आहे.

मग एकाच घरातली दोन मुलं दोन वाटांना का जातात? याचं थोडंफार उत्तर हवाईतल्या कवाई बेटावरून मिळतं. १९५५ साली तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजारपण अशी अनेक संकटं एकत्र आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, माया करणारी मोठी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निदान एक तरी मोठं, स्थिर माणूस त्यांना धरून होतं. ते कधी आजी-आजोबांपैकी, कधी शिक्षक, कधी शेजारी.

तुमच्या आयुष्यातलं ते माणूस म्हणजे आत्या. पत्रात त्यांना तुम्ही अर्धं वाक्य दिलंय. हिशेब करून पाहा. तुम्ही घर सोडलं तेव्हा भाऊ तीन वर्षांचा होता. म्हणजे त्या घरातली तुमची वर्षं आणि त्याची वर्षं जवळजवळ एकत्र आलीच नाहीत. तुम्ही होतात तोवर मार वाटला जात होता. नंतर तो सगळा एकाच्या अंगावर आला, आणि “पुरे आता” म्हणणारं मोठं भावंडही तिथं राहिलं नाही. छप्पर तेच असेल, पण बालपण वेगळं होतं. उलटतपासात प्रश्न आला तर नेमकं हेच, इतक्याच साध्या शब्दांत सांगा. मी चौदाव्या वर्षी बाहेर पडले, तो राहिला, माझ्याजवळ आत्या होती, त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

हे वाचताना तुमच्या मनात काय येईल ते मला दिसतंय, म्हणून लगेच सांगते. तुम्ही त्याला सोडून गेला नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला त्या घरातून कुणीतरी बाहेर काढलं, हे फार चांगलं झालं. तीन वर्षांच्या मुलाला बाहेर काढणं हे मोठ्यांचं काम होतं आणि ते मोठ्यांनी केलं नाही. तो दोष तुमच्या खात्यावर कुणालाही टाकू देऊ नका, तुम्हीही टाकू नका.

तो पाइप आणि तो वर गेलेला हात यावर मी बराच विचार केला. सेथ पोलाक या मानसशास्त्रज्ञांनी २००२ च्या सुमाराला एक प्रयोग केला. चेहऱ्यांची अस्पष्ट चित्रं मुलांसमोर हळूहळू स्पष्ट होत जायची, आणि चेहऱ्यावर कोणता भाव आहे ते ओळखायचं. घरात मार खाल्लेल्या मुलांनी राग इतर मुलांपेक्षा लवकर, कमी खुणांवरून ओळखला. बापाच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा ज्याला दिसते तो आधी लपतो, तेव्हा त्या घरात हे कौशल्य जीव वाचवणारंच असतं. पण शरीर ते घरी ठेवून बाहेर पडत नाही. तेविसाव्या वर्षी, रस्त्यावरच्या भांडणात, समोरचा हात वर गेला की डोक्यात निकाल आधी लागतो आणि पाहणं नंतर होतं. त्या माणसाला कदाचित फक्त “थांब” म्हणायचं असेल. हे न्यायाधीशांना ऐकू द्या. “माझ्या भावाला वर गेलेला हात कसा दिसतो, हे मला माहीत आहे, कारण मलाही तो तसाच दिसतो” असं तुम्ही म्हणू शकत असाल, तर कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकं वजन त्याला येईल.

पण ते दोन वार उरतातच. माणूस खाली पडल्यावर वाचायला चेहरा नव्हता, चुकवायला हात नव्हता. पहिल्या वाराचं जितकं स्पष्टीकरण बालपणातून मिळतं, तितकं दुसऱ्या-तिसऱ्याचं मिळत नाही. तिथं त्याला थांबता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जोर लावून, पण आलं असतं. त्याच्या जबाबदारीचा भार मी थोडा हलका धरीन, शून्य धरणार नाही. तुम्हीही कोर्टात त्या दोन वारांवरून घाईनं पुढं जाऊ नका. “त्याचं मला समर्थन करता येत नाही” हे वाक्य तुमच्या तोंडून आलं, तर बाकीचं सगळं अधिक खरं वाटेल, कारण ते खरं आहे.

भावाबद्दल एकाच वेळी कळवळा आणि संताप वाटतो, याची तुम्हाला लाज वाटू नये. १९७८ साली अमेरिकेत रॉबर्ट हॅरिस नावाच्या माणसानं सोळा वर्षांच्या दोन मुलांना ठार मारलं. १९९२ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. त्याचं कृत्य वाचलं की अंगावर काटा येतो, आणि बालपण वाचलं तरी येतो. जन्मल्यापासून बापाचा मार आणि आईनं दूर लोटणं. गॅरी वॉटसन या तत्त्वज्ञांनी १९८७ साली त्याच्याबद्दल लिहिताना हेच दाखवलं की त्याची गोष्ट कळली म्हणून चीड नाहीशी होत नाही, पण तिच्या शेजारी करुणा येऊन बसते आणि मग दोघींपैकी एकीला हाकलता येत नाही. विचार करणाऱ्या माणसाची अवस्था अशीच होते. तुमची झालीय.

“तो मी नव्हतोच गं.” यावर तुम्ही उठून आलात. मला तुमचा राग समजतो, तरी पुढच्या भेटीत तुम्ही बसून राहावं असं मला वाटतं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनं मांडलं होतं की कालचा मी आणि आजचा मी एक आहोत ते आठवणीमुळे, जाणिवेमुळे. जे केलेलं मला माझं म्हणून आठवतं, त्याचा जबाब माझ्याकडे मागता येतो. तुमच्या भावाला ते सगळं आठवतंय, म्हणूनच तर त्याला ते दूर ढकलावंसं वाटतंय. तेव्हा तो तोच होता, यात शंका नाही. पण शॅड मरुना या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून २००१ साली एक अनपेक्षित गोष्ट पुढं आली. गुन्हेगारी सोडलेले लोक सतत स्वतःला दोष देत बसलेले असतील असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. त्यांच्यापैकी बरेचजण म्हणायचे की आत मी चांगलाच होतो, ते वागणं म्हणजे खरा मी नव्हतो. पण याच्यापुढं ते एक पाऊल टाकायचे: आता पुढचं माझ्या हातात आहे, आणि मी जे भोगलं त्यातून दुसऱ्या कुणाचं तरी भलं करीन. जे गुन्ह्यातच अडकून राहिले, त्यांना मात्र आपलं नशीब फार पूर्वी ठरून गेलंय आणि काही केलं तरी बदलणार नाही असं वाटायचं.

म्हणून भावाचं ते वाक्य ऐकून एवढ्यात निकाल देऊ नका. त्याच्या पुढं तो काय जोडतो ते पाहा. पुढच्या भेटीत त्याला शांतपणे विचारा, “मग तू कोण आहेस?” उत्तराची घाई करू नका. आणि मग, “त्या माणसाच्या डोळ्याचं तू काय करणार आहेस?” दोन्हींना तो गप्प राहिला तरी चालेल. पण “बाबांनीच मला असं केलं” एवढ्यावरच तो थांबला, आणि दर भेटीत तिथंच थांबत राहिला, तर त्याला स्पष्ट सांगा की बाबांनी काय केलं ते मी कोर्टात सांगेन, तू काय केलंस ते तुला सांगावं लागेल. तेवीस हे वय याला अनुकूल आहे. गुन्ह्यांचं प्रमाण सगळीकडे पौगंडाच्या शेवटी शिगेला पोचतं आणि पुढं वयानुसार उतरत जातं. फार थोडे त्याच वाटेवर आयुष्यभर राहतात. तुरुंगात शिक्षणाची, समुपदेशनाची, हाताला काम शिकण्याची जी सोय असेल ती त्यानं पहिल्या महिन्यापासून धरावी यासाठी त्याच्या मागं लागा.

आईंबद्दल. त्या पट्ट्याचे वळ त्यांच्याही अंगावर असतील, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. त्यांना रागावू नका. पण एवढी वर्षं हे घरातल्या घरात ठेवून कुणाचं रक्षण झालं, हे त्यांनाच विचारून पाहा. मुलाचं नाही झालं. वडिलांना आधी कळू द्या, तुमच्याकडून. ते परवानगी देतील न देतील, ती तुम्ही मागायला जात नाही आहात. पण म्हाताऱ्या माणसाला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. खटला त्यांच्यावर नाही. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत, अंगावर सोसलंत, तेवढंच सांगा. त्यांच्या स्वभावाचा न्याय करू नका, त्यांचं बालपण कसं होतं याच्या शोधातही आता जाऊ नका. लेखी निवेदन चालेल का, किंवा साक्ष बंद दाराआड घेता येईल का, हे वकिलांना विचारा. बऱ्याच ठिकाणी अशी विनंती करता येते.

आणि तो माणूस, ज्याचा डोळा गेला. साक्षीत त्याचा उल्लेख भावाच्या बालपणाच्या आधी करा. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना स्वतःहून फोन करू नका, भेटायला जाऊ नका, निरोप पाठवू नका. शिक्षेच्या तोंडावर आलेली माफी त्यांना सौद्यासारखी वाटेल, आणि कायद्याच्या दृष्टीनंही ते अंगाशी येऊ शकतं. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी बावीस ठिकाणी तोडफोड केली, तेव्हा त्यांना एकेका घरी नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभं केलं गेलं, आणि तिथून गुन्हा सोसणारा आणि करणारा यांच्या समोरासमोर भेटीची पद्धत अनेक देशांत पसरली. तुमच्याकडे अशी सोय असेल तर शिक्षा लागल्यानंतर, प्रशिक्षित मध्यस्थांमार्फत, भावानं तशी इच्छा कळवावी. समोरच्यानं नाही म्हटलं तर विषय तिथं संपला. त्याला क्षमा करण्याची सक्ती कुणीही करू नये, तुमच्या मनातसुद्धा.

आता तुमचा मुलगा. “मामावर गेलाय” हे घरात कुणीही, गमतीतही, यापुढं म्हणू नये. १८७६ साली लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरनं कवटीच्या, जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं लिहिलं होतं. शास्त्रानं ते केव्हाच मोडीत काढलं, माणसांच्या बोलण्यातून मात्र ते गेलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला तू अमक्यासारखा आहेस हे रोज ऐकवलं, तर तो स्वतःकडे त्याच नजरेनं पाहायला शिकतो. हातानं मारणं, फेकणं हे लहानपणी, दोन ते चार वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि शब्द सापडत गेले तसं बहुतेक मुलांचं कमी होतं. काहींना जास्त वेळ लागतो. तो फेकतो तेव्हा वस्तू काढून घ्या, जवळ बसा, आवाज खाली ठेवा, आणि निवळल्यावर काय झालं ते त्याच्याकडून शब्दांत वदवून घ्या. फेकणं वाढत चाललं, कुणाला लागू लागलं, किंवा शाळेतूनही तक्रार आली, तर बालसमुपदेशकाकडे न्या. भावाकडे आणि त्याच्याकडे एकाच भीतीनं पाहणं मात्र थांबवा. त्याच्याजवळ जे माणूस आहे ते तुमच्या भावाजवळ नव्हतं.

रात्र रात्र झोप नाही, हे शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंय तुम्ही. साक्षीच्या आधी निदान एकदा डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जुनं सगळं मोठ्यानं, अनोळखी माणसांसमोर सांगायचंय, त्यात विरोधी बाजूचे प्रश्नही असतील, तेव्हा आधी एकदा सुरक्षित ठिकाणी ते बोलून झालेलं असावं. वकिलांबरोबर बसून काय सांगायचं ते कागदावर तारीखवार लिहून काढा, जे नक्की आठवत नाही ते गाळा. त्या दिवशी आत्या असतील तर त्यांना बरोबर घ्या, त्या नसतील तर यजमानांना किंवा एखाद्या मैत्रिणीला. आईंना नको, त्यांना तो दिवस तुमच्याइतकाच जड जाईल आणि तुम्ही त्यांच्याकडेच बघत राहाल. दुसऱ्या दिवशी कामावर रजा टाका. निकाल काय लागला ते मला कळवा, आणि भाऊ काय म्हणाला तेही.